राकट खेळाडूंची आठवण अर्धीच का काढायची?

१५ फेब्रुवारी २०२५, मॉन्ट्रियल. आइस हॉकीचा सामना, कॅनडा विरुद्ध अमेरिका. पंचानं पक (खेळायची रबरी चकती) बर्फावर टाकला आणि दोन सेकंदांत दोघांनी हातमोजे फेकून एकमेकांच्या जर्सीला हात घातला. त्यांना सोडवून पेनल्टी बॉक्समध्ये बसवलं, तोवर दुसरी जोडी जुंपली, पाठोपाठ तिसरी. खेळाच्या घड्याळात नऊ सेकंद, मारामाऱ्या तीन. त्यानंतरचे कित्येक दिवस आमच्या ओंटारिओत दुसरा विषय नव्हता. शनिवारी भल्या पहाटे मुलाला सरावाला घेऊन मी ज्या रिंकवर जातो, तिथे कॉफीचे कप हातात धरून बसणारे आजोबा लोक एकदम तरुण झाले होते. "ही खरी हॉकी! आमच्या वेळी रोज रात्री हेच असायचं." मग नावांची माळ सुरू झाली: बॉब प्रोबर्ट, डेव्ह शुल्ट्झ, टाय डोमी, डेव्ह सेमेन्को, स्कॉट स्टीव्हन्स. त्याच बाकावर, दोन हात अंतरावर बसलेल्या तरुण आईबापांचं म्हणणं नेमकं उलट. हा सगळा रानटीपणा आहे आणि त्याच्या आठवणी काढणाऱ्यांना रक्ताची चटक लागलेली आहे.

मला दोन्ही बाजूंचं पटत नाही. एक बाजू ठोसे आठवते आणि ठोसे मारणाऱ्याला विसरते. दुसरी त्या माणसाला रानटी ठरवून त्याच्यासकट सगळा काळच मोडीत काढते. त्या राकट खेळाडूंना आठवायलाच हवं, प्रेमानं आठवायला हवं, पण शेवटपर्यंत आठवायला हवं. सामना संपल्यावर त्यांच्या वाट्याला काय आलं, ते वगळून काढलेली आठवण हा त्यांच्यावरचा अन्याय आहे. आणि अंगावर जाऊन खेळणं आणि ठोसेबाजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही बाजूंचे लोक त्यांना एकाच टोपलीत घालतात आणि तिथूनच हा वाद नासतो.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. एनएचएल या उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये मारामारी केली तर पाच मिनिटं बाहेर, पेनल्टी बॉक्समध्ये, बसायचं आणि मग परत खेळायला उतरायचं, असा नियम आहे. ऑलिम्पिकमध्ये त्याच गोष्टीसाठी खेळाडूला सामन्यातूनच बाहेर काढतात. म्हणजे इथे मारामारी नियमात बसत नाही, पण तिचा दर ठरलेला आहे, आणि तो परवडणारा आहे. त्यातूनच 'एन्फोर्सर' नावाची जागा तयार झाली. संघातला असा गडी, ज्याचं काम गोल करणं नव्हे. आपल्या चांगल्या खेळाडूला कुणी धक्का दिला तर जाऊन हिशोब चुकता करणं, हे त्याचं काम.

आधी आजोबांच्या बाजूनं बोलतो, कारण त्यांच्या बोलण्यात पुष्कळ खरं आहे. आइस हॉकी हा अंगाला अंग भिडवूनच खेळायचा खेळ आहे. रिंकला चारी बाजूंनी फळ्या आणि वर काच. मैदानाबाहेर पळून सुटका नाही. पकावर ताबा असलेल्या खेळाडूला खांद्यानं अडवून पक काढून घेणं, म्हणजे बॉडी चेक, हे रीतसर कसब आहे. त्याला नजर लागते, वेळ साधावी लागते, पायांत ताकद लागते. सत्तरच्या दशकातला मॉन्ट्रियलचा लॅरी रॉबिन्सन आठवा. १९७६ च्या अंतिम फेरीत त्यानं फिलाडेल्फियाच्या गॅरी डॉर्नहोफरला असा चेक दिला की बाजूची फळीच आत दबली. ती आठवण काढताना कुणाच्या अंगावर रोमांच उभा राहिला, तर त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. मी कोल्हापूरकडचा. लाल मातीत भिडणारी माणसं बघतच मोठा झालो. पण कुस्तीत ठोसा मारता येत नाही. म्हणून कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान मऊ ठरला का? ठोसा काढून घेतल्यावर उरतो तो राकटपणाच, आणि तो कसाला लागलेला असतो. हॉकीत ठोसेबाजी नको म्हणणाऱ्याला खेळ गुळगुळीत करायचाय, असं मानणं म्हणूनच चूक आहे.

खेळ मऊ पडत चालल्याची ओरड तर खेळाइतकीच जुनी आहे. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा फटका मॉन्ट्रियलचा गोलरक्षक जॅक प्लांट याच्या चेहऱ्यावर बसला. टाके घालून तो परतला तो मुखवटा लावूनच. प्रशिक्षक टो ब्लेक यांना मुखवटा मुळीच पसंत नव्हता. मुखवटा लावणारा गोलरक्षक भित्रा, असा तेव्हाचा सरसकट समज होता. आज एखाद्या गोलरक्षकाला उघड्या चेहऱ्यानं उभं करा म्हटलं, तर रिंकवरचे हेच आजोबा ते करणाऱ्याला वेड्यात काढतील. हेल्मेटचंही तेच. जानेवारी १९६८ मध्ये मिनेसोटाच्या बिल मास्टर्टनचं डोकं सामन्यात बर्फावर आपटलं आणि दोन दिवसांनी तो गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तरी नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं व्हायला १९७९ उजाडलं, आणि जुन्यांना दिलेली सूट घेऊन क्रेग मॅकटॅविश १९९७ पर्यंत उघड्या डोक्यानं खेळत राहिला. प्रत्येक पायरीवर 'आता हा पुरुषांचा खेळ राहिला नाही' असं कुणी ना कुणी म्हणालंच आहे. मग आजच्या ओरडीत वेगळं असं काय आहे?

आता स्मरणरंजन वस्तुस्थितीला कसं वाकवतं ते बघा. एकाच सामन्यात एक गोल, एक असिस्ट (दुसऱ्याच्या गोलाला हातभार) आणि एक मारामारी केली की त्याला इथे 'गॉर्डी हाऊ हॅट्ट्रिक' म्हणतात. नाव असं की जणू हाऊ दर आठवड्याला ती करायचा. १,७६७ सामने आणि ८०१ गोल एवढ्या प्रदीर्घ एनएचएल कारकिर्दीत ती त्याच्या नावावर आहे फक्त दोनदा. हाऊ राकट होता यात शंकाच नाही. त्याच्या कोपरांची सगळ्या लीगला धास्ती होती, आणि १९५९ मध्ये त्यानं लू फोंटिनाटोचं नाक असं फोडलं की पुढे कुणी त्याच्या वाटेला फारसं गेलं नाही. पण त्याच हाऊचं डोकं १९५० मध्ये कडेच्या फळीवर आपटून कवटीला तडा गेला होता आणि मेंदूवरचा दाब कमी करायला शस्त्रक्रिया करावी लागली होती. तो जगेल की नाही, अशी वेळ आली होती. हाऊ मोठा झाला तो गोलांनी. आपण मात्र त्याचं नाव मारामारीला देऊन बसलो.

हाऊचाच डेट्रॉइटमधला जोडीदार टेड लिंडसे. 'टेरिबल टेड' म्हणून ओळखला जायचा. उंचीला लहान, पण अंगावर जायला सगळ्यांच्या पुढे, चेहरा टाक्यांनी भरलेला. जुन्या राकट गड्यांच्या कुठल्याही यादीत तो असतोच. पण या माणसानं सगळ्यात मोठी झुंज बर्फावर दिलेली नाही. १९५७ मध्ये त्यानं खेळाडूंची संघटना उभी करायचं ठरवलं. तेव्हा संघ सहा, मालक सहा. खेळाडूला तोंड उघडायची सोय नव्हती आणि पेन्शनच्या पैशांचा हिशोब कुणी दाखवत नव्हतं. लिंडसे आणि मॉन्ट्रियलचा डग हार्वे पुढे झाले. डेट्रॉइटनं लिंडसेला उचलून शिकागोला पाठवलं, आणि वर्षभरात ती संघटना मोडून काढली गेली. १९६७ मध्ये दुसरी उभी राहिली, त्यामागे या लोकांनी खाल्लेला मार होता. पुढे हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली, तेव्हा समारंभाला बायकामुलांना आणता येत नाही म्हणून तो गेलाच नाही. मला विचाराल तर राकटपणा म्हणतात तो हा. आजोबांच्या गप्पांत लिंडसेचे टाके येतात, १९५७ कधी येत नाही.

फिलाडेल्फियाचा दाखला प्रत्येक वादात दिला जातो, त्यामुळे त्याबद्दल बोलायलाच हवं. 'ब्रॉड स्ट्रीट बुलीज'नी १९७४ आणि १९७५ असे लागोपाठ दोन स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, जिंकले. शुल्ट्झनं १९७४-७५ च्या हंगामात पेनल्टीची ४७२ मिनिटं गोळा केली, तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. धाक काम करतो, हे त्यांनी दाखवून दिलं, आणि मी ते नाकारत नाही. पण त्या संघात बॉबी क्लार्कसारखा खेळाडू होता आणि गोलमध्ये बर्नी परेंट भिंतीसारखा उभा होता, हे सांगायचं का राहून जातं? आणि १९७६ चं काय? त्या वर्षी मॉन्ट्रियलनं त्यांना अंतिम फेरीत ४-० असं धुतलं. गाय लफ्लूरचा वेग, ड्रायडनचं गोलरक्षण आणि रॉबिन्सनचा तो चेक. मॉन्ट्रियल कुणाला घाबरलं नाही, आणि घाबरवण्यासाठी त्यांना ठोशांवर जगावं लागलं नाही. पुढची तीन वर्षंही कप त्यांच्याकडेच राहिला. क्लार्कबद्दलही एक गोष्ट मनात सलते. १९७२ च्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या मालिकेत सहाव्या सामन्यात त्यानं व्हॅलेरी खार्लामोव्हच्या घोट्यावर काठी घातली. समोरचा सगळ्यात देखणा खेळाडू लंगडा झाला आणि कॅनडानं मालिका जिंकली. अर्ध्या शतकानंतरही ती गोष्ट इथे शाबासकीच्या सुरात सांगितली जाते. हेच जर सोव्हिएत खेळाडूनं आपल्या माणसाला केलं असतं, तर त्याला आपण राकटपणा म्हटलं असतं का?

सगळ्यात वजनदार युक्तिवाद आहे तो राखणदारीचा. पंचांना सगळं दिसत नाही. पाठीमागून काठीचा फटका, गुडघ्यावर गुडघा हे खपून जातं. तेव्हा बाकावर एखादा धिप्पाड गडी बसलेला असला की समोरचा दोनदा विचार करतो. एडमंटनमध्ये ग्रेट्झ्कीच्या मागे सेमेन्को उभा असायचा, नंतर मार्टी मॅकसोर्ली, आणि १९८८ मध्ये ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसला गेला तेव्हा मॅकसोर्लीही त्याच्यासोबत गेला. १९९२ मध्ये भांडण उकरणाऱ्याला जास्तीची शिक्षा लावणारा कडक नियम आला आणि तेव्हापासून गुंडांना मोकळं रान मिळालं, असं जुने लोक सांगतात. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला स्वतःसाठी राखणदार हवासा वाटत होता, हे सोडून देण्यासारखं नाही. मी त्यावर बराच विचार केला आहे.

पण राखणदारीची ही अलिखित रीत खरंच राखण करत होती का, हे तिच्याच हिशोबानं तपासू. १६ फेब्रुवारी २००४ ला कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरनं व्हँकुव्हरच्या मार्कस नेस्लंडला जोराचा चेक दिला. व्हँकुव्हरला तो अपमान वाटला. ८ मार्चला दोन्ही संघ पुन्हा भेटले आणि मूरला व्हँकुव्हरच्या मॅट कुकनं आव्हान दिलं. मूर पळाला नाही, भिडला. रीतीप्रमाणे फिटंफाट झाली. मग तिसऱ्या सत्रात व्हँकुव्हरचाच टॉड बर्टुझी त्याच्या मागे का लागला? मागून ठोसा मारून त्याला बर्फावर का पाडलं? मूरच्या मानेचे मणके मोडले आणि तो पुन्हा कधीही खेळला नाही. हिशोब एकदा चुकता झाला की संपला, असं सांगणारी रीत त्या रात्री कुठे होती? आणि ग्रेट्झ्कीचा तो राखणदार मॅकसोर्ली? फेब्रुवारी २००० मध्ये तो डोनल्ड ब्रॅशरशी भिडला आणि हरला. मग सामनाभर त्याला पुन्हा डिवचत राहिला. ब्रॅशर तयार होईना. शेवटचे तीनेक सेकंद उरलेले असताना मॅकसोर्लीनं त्याच्या डोक्यात काठी घातली. न्यायालयानं दोषी ठरवलं, एनएचएलमधली कारकीर्द तिथेच संपली. मॅकसोर्ली मुळात दुष्ट होता, असं मला म्हणायचं नाही. पंधराएक वर्षं ज्याची किंमत फक्त पुढच्या मारामारीच्या निकालावर ठरत आली, त्याला हरल्यावर आणखी कुठला रस्ता दाखवलेला होता?

त्याही आधीचं पाहायचं तर डिसेंबर १९३३ मध्ये बॉस्टनच्या एडी शोरला कुणीतरी पाडलं, आणि त्यानं सूड घेतला तो एस बेलीवर. बेलीची कवटी फुटली. तो वाचला, पण कारकीर्द गेली. त्याच्या मदतीसाठी टोरांटोत सामना भरवला तेव्हा बेलीनं शोरशी हात मिळवला. ते हस्तांदोलन सगळ्यांना आठवतं. ठोस्याचं उत्तर ठोस्यानं देण्याच्या रीतीत मार भलत्यालाच बसतो, हे त्याच प्रसंगातलं दुसरं सत्य मात्र नव्वद वर्षांत आपल्या गळी उतरलेलं नाही.

यावर शेवटचं उत्तर असतं: 'ते स्वखुशीनं करत होते, पैसे मिळत होते.' हे अर्धं खरं आहे. सस्कॅचवानचा डेरेक बोगार्ड, उंची सहा फूट आठ इंच. कोवळ्या वयातच त्याला सांगण्यात आलं की तू पुढे जाशील तो मुठींच्या जोरावर. एनएचएलमध्ये २७७ सामने खेळला, गोल केले तीन. मुठी सुजलेल्या, पाठ गेलेली, आणि वेदनाशामक गोळ्या मिळतील तितक्या. १३ मे २०११ ला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, दारू आणि गोळ्यांच्या मिश्रणानं तो गेला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रिक रिपियन गेला, सत्तावीस वर्षांचा, आणि महिना संपायच्या आत वेड बेलाक, पस्तिसाचा. चार महिन्यांत तीन एन्फोर्सर. ज्या मुलाला सोळाव्या वर्षी एकच दार उघडं दिसतं, त्याच्या 'होकारा'ला आपण किती वजन द्यायचं?

बोगार्डच्या मेंदूत सीटीई सापडला. डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसून मेंदूचा जो ऱ्हास होतो, तो हा. इथे विरुद्ध बाजूची एक गोष्ट मान्य करायला हवी. हे निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच पक्कं होतं, आणि मेंदू दान करतात ती बहुधा ज्यांना त्रास झाला अशांचीच कुटुंबं. त्यामुळे सगळ्याच एन्फोर्सरना हा आजार होता, असं म्हणता येत नाही. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९६७ पासूनच्या एन्फोर्सरची तुलना त्यांच्याच काळातल्या, त्यांच्यासारख्याच इतर खेळाडूंशी केली होती. मृत्यूंची संख्या दोन्ही गटांत सारखीच होती, पण जे एन्फोर्सर गेले ते सरासरी दहा वर्षं आधी गेले. आत्महत्या आणि अमली पदार्थ ही कारणं त्यांच्यात जास्त होती. आणि हा काही आजच्या नाजूक पिढीचा रोग नव्हे. हॉकीपटूंमध्ये सीटीईचं पहिलं निदान झालं ते साठच्या दशकात गाजलेल्या रेजी फ्लेमिंगच्या मेंदूत, २००९ मध्ये. म्हणजे ज्या काळात 'असं काही नव्हतं' असं सांगतात, त्याच काळातला माणूस. माजी खेळाडूंनी लीगवर दावा लावला, तेव्हा २०१८ मध्ये तडजोड झाली १ कोटी ८९ लाख डॉलरांवर, तीनशेहून अधिक खेळाडूंमध्ये मिळून. लीगनं जबाबदारी मान्य केली नाही ती नाहीच.

हे वाचताना मला आमच्याकडचे खाशाबा जाधव आठवतात. १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९८४ मध्ये अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार आला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. अंगमेहनतीच्या खेळाडूवर जीव टाकायचा आणि त्याचं अंग थकलं की पाठ फिरवायची, ही खोड एका देशाची नाही.

काही गोष्टी बदलल्या आहेत, तेही सांगतो. माझा मुलगा ज्या वयात खेळतो, त्या अकरा-बारा वर्षांच्या गटात हॉकी कॅनडानं २०१३ पासून बॉडी चेक बंद केला. अल्बर्टात त्या वयात चेकिंग होतं, क्वेबेकमध्ये नव्हतं. दोन्हीकडच्या मुलांची तुलना केल्यावर अल्बर्टात मेंदूला मार बसण्याचं प्रमाण तिपटीहून जास्त निघालं होतं. क्वेबेकच्या ज्युनियर लीगनं २०२३ मध्ये मारामारी करणाऱ्याला सामन्यातून काढायचं ठरवलं. एनएचएलमध्येही नुसत्या मुठींवर जगणारा गडी आता जवळजवळ उरलेला नाही. आणि त्या नऊ सेकंदांनंतर पाच दिवसांनी त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कप कुणी आणला? जादा वेळेत कॉनर मॅकडेव्हिडच्या काठीनं. त्या गोलाला आमच्या घरात जेवढा आवाज झाला, तेवढा त्या तीन मारामाऱ्यांना झाला नव्हता.

रिंकवरच्या आजोबांना मी प्रोबर्टबद्दल बोलायला नेहमी लावतो, कारण त्यांनी त्याला प्रत्यक्ष पाहिलंय. नदीपलीकडे डेट्रॉइट, अलीकडे त्याचं विंडसर. १९८७-८८ च्या हंगामात त्यानं पेनल्टीची ३९८ मिनिटं काढली, ते ते सांगतात. त्याच हंगामात त्यानं २९ गोल केले, ते मी सांगतो. डोमीशी झालेल्या दोन गाजलेल्या मारामाऱ्या त्यांना ठोसा न् ठोसा पाठ आहेत. दारू, कोकेन, सीमेवरची अटक, तुरुंग हे सांगताना त्यांचा आवाज खाली जातो. पंचेचाळिसाव्या वर्षी हृदय थांबून तो गेला, इथपर्यंत ते येतात. त्यापुढचं मला सांगावं लागतं. टीव्हीवर खेळाडूंच्या मेंदूंवरचा कार्यक्रम पाहून त्यानं बायकोला सांगून ठेवलं होतं की माझाही मेंदू तपासायला द्या. तिनं दिला, आणि त्यात सीटीई निघाला. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेट्रॉइटचं जो लुई अरीना बंद होत होतं, तेव्हा बायको आणि मुलं तिथे गेली आणि त्याची थोडी रक्षा त्यांनी पेनल्टी बॉक्समध्ये सोडली. ते अरीना आता पाडून टाकलं आहे.